उणे अठराच्या आत

१२ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०
सूनबाई आणि चिरंजीव गेले. सूनबाईच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दहा दिवस घर माझ्या ताब्यात. खरं तर फ्रीजर माझ्या ताब्यात. घराला नुसतं कुलूप लावून भागलं असतं.

पुढच्या खोलीत सूनबाईचा आइस्क्रीमचा कारखाना. एक मिक्सर, दोन मोठी पातेली आणि पेटीसारखा आडवा डीप फ्रीजर, ज्यात मी स्वतः झोपू शकेन. आत २४० कप. व्हॅनिला, कॉफी, स्ट्रॉबेरी. रविवारी, २२ तारखेला, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्याची ही ऑर्डर. सूनबाईला ती मीच मिळवून दिली. मुख्याध्यापिकाबाईंना तिचा नंबर मी दिला. तो त्यांच्याकडे आधीपासून होता, पण माझ्याकडून पुन्हा मिळाला. लोकांना आवडलं तर जूनपासून शाळेच्या कँटीनमधला कोपरा सूनबाईला मिळणार. दोन वर्षं खेटे घालतेय बिचारी.

फ्रीजरवर कागद चिकटवून गेली आहे. "बाबा, रोज सकाळ-संध्याकाळ आकडा बघा. उणे १८ च्या वर जाता कामा नये. खाली गेला तर हरकत नाही. बटणांना हात लावायची गरज पडणार नाही." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. निघताना तोंडानेही म्हणाली, बाबा, तुमच्या भरवशावर चाललेय.

टपाल कचेरीत छत्तीस वर्षं शिक्के मारले. भरवसा हा शब्द तिथे कोणी काढला नाही.

संकल्प: उद्यापासून साडेपाचला उठणे. गोड पूर्ण बंद (डॉक्टर). मेळाव्यासाठी स्वागतगीत पूर्ण करणे, सोळा ओळी. फ्रीजर.

सकाळी ७.४०
आकडा पाहिला. उणे २०!
गाडी अजून वळणावरसुद्धा पोचली नसेल आणि वीस. अठराच्या वर चक्क दोन. मी आहे म्हणून बरं.

सकाळी ७.५५
हात लावायची गरज पडली. आकड्याखाली दोन बटणं, एकावर बाण वर, एकावर खाली. आकडा खाली आणायचा म्हणून खालचं दाबलं. २१ झाला! शेवटी धीर करून वरचं दाबलं. २०, १९, १८, १७. बटणं उलटी बसवली आहेत. फ्रिजवाल्याला बोलावून झापलं पाहिजे. मला मशीनमधलं कळत नाही असं चिरंजीव म्हणतो. आज पाहायला हवा होता.

१३ मार्च, शुक्रवार
सव्वासातला उठलो. काल मशीनच्या गडबडीत थकवा आला होता.

आकडा उणे १७. उत्तम. पण अठरा आणि सतरामध्ये फट किती? एक. वीज गेली, मांजर चढलं, काहीही होऊ शकतं. सावधगिरी म्हणून १५ वर आणला.

सूनबाईचा फोन, हॉस्पिटलच्या जिन्यातून. आवाज घाईचा. बाबा, आकडा अठराच्या वर गेला नाही ना? छे, म्हटलं, बराच खाली आहे. म्हणाली, मग काही काळजी नाही. फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं. भरवशाचा माणूस.

स्वागतगीताच्या दोन ओळी झाल्या:
पुन्हा भेटलो त्याच ठिकाणी
जुनीच घंटा, जुनीच गाणी
सोळा-सोळा मात्रा. तासून पाहिल्या. आता चौदाच ओळी राहिल्या.

एक व्हॅनिला उघडला. गोड म्हणून नाही, तपासणी म्हणून. जबाबदारी घेतली की आत काय आहे हे माहीत असायला हवं. चव बरी, पण फार टणक. चमचा वाकला.

१४ मार्च, शनिवार
संध्याकाळी चिमणीचा फोन. चिमणी म्हणजे लेकीची लेक, सहावीत आहे, दुसऱ्या गावी. गृहपाठ अडला की मला फोन करते. तिच्या आईला वेळ नसतो आणि बापाला संयम नसतो.

आजचा प्रश्न: चढत्या क्रमाने लावा. उणे ३, ५, ०, उणे ७, २. हिने लिहिलं होतं: उणे ७, उणे ३, ०, २, ५. हसूच आलं. म्हटलं, अगं, सात हा तीनच्या आधी कसा येईल? बरोबर उत्तर असं: ०, २, उणे ३, ५, उणे ७. पुस्तकात वेगळं दिलंय म्हणाली. म्हटलं, पुस्तकं माणसंच लिहितात. मग तिला व्हरांड्याची गोष्ट सांगितली.

गणिताला आम्हांला फूटपट्टी सर होते. कारण हातात ती असे. व्हरांड्याच्या फरशीवर ते खडूने लांब रेघ ओढत. मध्ये वर्गाच्या दाराशी शून्य. उजवीकडे हेडमास्तरांच्या ऑफिसच्या दिशेने एक, दोन, तीन. डावीकडे पाण्याच्या टाकीच्या दिशेने उणे एक, उणे दोन. एकेकाला आकडा देऊन त्यावर उभं करत. माझ्या वाट्याला कायम उणे सात. अगदी टाकीला खेटून. सावली, गार वारा, ठिबकणारा नळ, नळाखाली चिमण्या. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कविता मी तिथे उभा राहून पाठ केल्या. आजही एखादी ओळ आठवली की आधी नळाचा आवाज येतो.

सर विचारत, बोला, सगळ्यांत लहान कोण? सगळे माझ्याकडे बोट दाखवत. मी म्हणे, सर, उणे दोनवाला दारातच उभा आहे, मी सात पावलं चालून आलोय. मोठा कोण? सर फूटपट्टी उचलत आणि म्हणत, कळेल तुला एक दिवस.
मला तेव्हाच कळलं होतं. सरांचं राहून गेलं.

चिमणीने उत्तरं खोडून नवी लिहिली. लक्षात राहावं म्हणून दोन ओळीही करून दिल्या:
उणे सात तो अमुचा दादा
उणे दोन तो बालक साधा
दादा-साधा यमक जरा ढिलं आहे. मुलांना चालतं.

१५ मार्च, रविवार
सहाला जाग आली. उठलो आठला. मधला वेळ गीताचा विचार.

मशीन फार घुमतं. लगागा लगागा लगागा लगागा, दिवसभर एकच वृत्त. माझं गीत वेगळ्या चालीचं. दोन ओळींच्या पुढे सरकत नाही याचं कारण आज सापडलं. आकडा खाली आणला की आवाज कमी होतो असं लक्षात आलं होतं. १२ वर आणला. घुमणं निम्मं झालं. मशीनलाही विश्रांती, मलाही.

कॉफी कप तपासला. परवाच्या व्हॅनिलापेक्षा मऊ. माझ्या देखरेखीत सुधारतंय.

१६ मार्च, सोमवार
फ्रिजवाला आला. उलट्या बटणांबद्दल खडसावायला मीच बोलावला होता. आल्या आल्या आकडा पाहिला, झाकण उचललं, आत बोट घातलं आणि म्हणाला, आजोबा, याला हात कोणी लावला? म्हटलं, दुरुस्त केलंय. बटणं तेवढी तुम्ही सरळ करा, वरचं दाबलं की आकडा खाली येतो. तो म्हणाला, बटणं बरोबर आहेत, वरचं दाबलं की वरच जातं. म्हटलं, विसाचे बारा झाले, याला वर म्हणतात? म्हणाला, हो. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. चहा टाकला.

चहा पिताना सांगत होता, हे दोन्ही कामांचं मशीन आहे, फ्रीजर म्हणूनही चालतं आणि साधा फ्रिज म्हणूनही. तुम्हाला काय हवंय ते एकदा ठरवा. जाताना स्वतः दाबून आकडा उणे २० वर नेऊन ठेवला. वर मलाच दम देऊन गेला की आजोबा, हे मशीन आहे, हार्मोनियम नाही, सारखी बोटं फिरवायची नाहीत.

हल्लीचे कारागीर. जो आकडा चार दिवस राबून खाली आणला, तो याने चार सेकंदांत बिघडवला. तो जिना उतरला आणि मी पुन्हा १२ केले. मग रागाच्या भरात ९.

सूनबाईचा फोन. ठीक ना बाबा? वर नाही ना? म्हटलं, निम्म्यावर आणलाय. हॉस्पिटलात कोणीतरी तिला हाक मारली, बाकीचं ऐकू गेलं नसावं. तुम्ही आहात म्हणून, एवढंच म्हणाली आणि ठेवला.

१७ मार्च, मंगळवार
शांतता. मशीन मधूनच उसासा टाकतं तेवढंच. तरी गीत पुढे सरकेना. शांतता जरा जास्तच झाली.

दुपारी तपासणी. स्ट्रॉबेरी. दुसरा स्ट्रॉबेरी, पहिल्याशी ताडून पाहायला. रेशमासारखं उतरतं. चमचा घालावा लागत नाही, आपोआप जातो. सूनबाई वर्षानुवर्षं दगड विकत होती, तिला कोणी सांगितलं नाही. आली की हळूच सांगेन, तिचं मन दुखवता कामा नये.

मेळाव्याला फूटपट्टी सर येणार आहेत. वय एक्क्याण्णव. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, डोकं अगदी शाबूत आहे. माझं गीत संपताच सरांच्या हातात सूनबाईचा कप द्यायचा असं ठरवलं आहे. ते एक घास घेतील आणि म्हणतील, वा. माझ्याबाबतीत हा शब्द त्यांनी कधी वापरलेला नाही. साठ वर्षं मी काही त्याची वाट पाहत बसलेलो नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.३०
चिमणीची चाचणी. दहापैकी दोन.
जे दोन बरोबर आले ते ती माझ्या पद्धतीने बदलायला विसरली होती.

रडत होती. तिच्या सरांनी वहीवर लाल शाईने लिहिलंय, हे कोणी शिकवलं? हिने खाली लिहिलं, आजोबांनी. त्याखाली सरांनी लिहिलं, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. बघ, म्हटलं, मोठ्यांचा मान कसा ठेवायचा ते त्यांना कळतं. तिने नाक ओढलं. मग म्हणाली, आजोबा, रेषेवर जो उजवीकडे तो मोठा, एवढंच असतं. म्हटलं, कोणाच्या उजवीकडे? मी पलीकडून तोंड करून उभा राहिलो तर? म्हणाली, पलीकडून कोणी उभं राहत नाही आजोबा.

मग सहज विचारलं तिने, मामीच्या फ्रीजरचा आकडा काय आहे? म्हटलं, आज उणे ६. तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, आजोबा, ते गरम आहे. म्हटलं, उणे म्हटल्यावर गरम कसं असेल? मामीला फोन करू का म्हणाली. म्हटलं, मामी आईच्या उशाशी बसली आहे, तिच्या डोक्याला आणखी ताप नको. शपथ घातली. घेतली तिने, पण मनापासून नाही.

दहापैकी दोन. फार वाईट नाही. निदान शून्याच्या उजवीकडे आहे.

१९ मार्च, गुरुवार
वरच्या मजल्यावरच्या सिस्टर पेपर मागायला आल्या. निवृत्त नर्स. मला कविराज म्हणतात. आदराने म्हणतात असं माझं निरीक्षण आहे. त्यांना कॉफीचा कप दिला. झाकण काढून कप तिरका केला आणि म्हणाल्या, कविराज, हे खायचं की प्यायचं?

मग उठून फ्रीजरपाशी गेल्या. आकडा पाहिला, कागद वाचला, पुन्हा आकडा पाहिला. म्हणाल्या, तीस वर्षं लसींच्या पेट्या सांभाळल्या मी. अहो, आकडा शून्याकडे सरकला म्हणजे गरम झालं. उणे अठराच्या वर म्हणजे सतरा, सोळा, पंधरा, तुम्ही आहात तिथपर्यंत. म्हटलं, लसीचं वेगळं, आइस्क्रीमचं वेगळं. त्या म्हणाल्या, बरं. एका गावी उणे दोन आहे, दुसऱ्या गावी उणे वीस. दोन स्वेटर कुठे घालाल? म्हटलं, उणे वीसला. का? थंडी जास्त म्हणून. मग? मी म्हटलं, मग तेच तर! जास्त थंडी, म्हणून मोठा आकडा! त्यांनी कपाळाला हात लावला. वादात हरलं की माणूस असं करतो.

दारात वळून म्हणाल्या, सुनेला फोन करा, नाहीतर मी करते. त्यांच्याकडे नंबर नाही. मी दिला नाही.

पेपर मात्र घेऊन गेल्या. माझा वाचून व्हायचा होता.

२० मार्च, शुक्रवार
पहाटे पाचला जाग आली, पहिल्यांदाच. संकल्पाची पूर्ती म्हणून नाही. उठून फ्रीजर उघडला. कपांची झाकणं मध्ये खोलगट झालीत. एक उचलला तर आत डुचमळलं. तिथेच उभा राहिलो थोडा वेळ. मनात आलं, फ्रिजवाला, चिमणी, सिस्टर. तिघं तीन ठिकाणची आणि तिघांचं म्हणणं एकच.

मग विचार केला. वर्गातही सगळे एका बाजूला होते आणि मी एकटा टाकीशी. बहुमताने काही सिद्ध होत नाही.
आकडा ४ वर आणला.

गीत अजून दोन ओळींवर. मेळाव्यात त्या दोन ओळी सावकाश, भावना ओतून, दोनदा म्हटल्या तर चार होतील.

२१ मार्च, शनिवार. दुपारी ४
उणे ३, उणे २, उणे १. आणि शून्य.

शून्यावर थांबून डोळे मिटले. वर्गाचं दार. फळ्याचा वास. आतून बाकं सरकल्याचा आवाज. आयुष्यभर टाकीशी उभा होतो, आज दाराशी पोचलो.

पण शुभकार्याच्या आदल्या दिवशी इथवर येऊन थांबायचं कशाला? आणखी तीनदा दाबलं. आकड्यापुढची ती आडवी काडी गळून पडली. ३. नुसता ३, स्वच्छ. उणेपणा म्हणून राहिला नाही घरात. आणि अठरापेक्षा किती खाली! पंधराने. दहा दिवसांत एवढं काम मी टपाल कचेरीत एका वर्षात केलं नसेल.

सूनबाईचा मेसेज: उद्या सकाळी आठला पोचतो. सगळं ठीक? उत्तर पाठवलं: अठराच्या वर एकदाही नाही. तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

कप मोजले. २१७. तपासण्यांत तेवीस गेले. एवढी काटेकोर तपासणी दुसऱ्या कोणी केली नसती.

२२ मार्च, रविवार. सकाळी ८.४०
आली. चप्पलसुद्धा न काढता झाकण उघडलं.


एक कप हातात घेऊन हलवला. मग आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, रोज विचारत होते ना तुम्हाला, वर गेला का म्हणून? म्हटलं, रोज खरंच सांगत होतो गं. त्यावर ती स्टुलावर बसली, कप मांडीवर ठेवून. चिरंजीव काही बोलणार होता, तिने हातानेच थांबवलं. चिरंजीव बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

सिस्टर खाली आल्या. वास घेतला, चमचाभर चाखलं. म्हणाल्या, थंड दूध आहे, खराब झालेलं नाही, पण परत गोठवायचं नाही, आजच्या आज संपवा. शाळेत मेळावा अकराला. नवीन करायला वेळ नाही. सूनबाईने डोळे पुसले, चमच्यांचं खोकं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, हे नकोत मग.

संध्याकाळी ७
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी आहे.

लोक कप तोंडाला लावून प्यायले. चव छान आहे, असं बरेच जण म्हणाले. माझ्याच वर्गातला एक, आता अगदी टकलू झालेला, म्हणाला, दूधवाला कोण तुमचा? सगळे हसले. सूनबाईही हसली. ते हसणं बघवलं नाही.

मुख्याध्यापिकाबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, अगं, चव उत्तमच, पण आम्ही आइस्क्रीम सांगितलं होतं ना. कँटीनचं पुढच्या वर्षी बघू. मी मध्ये पडलो. म्हटलं, बाई, चूक हिची नाही, आकडा मी खाली आणला. त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, आजोबा, तुम्ही सावलीत बसा.

सर व्हरांड्यात खुर्चीवर होते. अगदी वाळून गेलेत. हातात फूटपट्टी नाही, काठी. तिसरा कप चालू होता. दात नाहीत, त्यामुळे त्यांना हे फारच सोयीचं पडलं. मला लांबूनच ओळखलं. म्हणाले, उणे सात ना रे तू?

माझं नाव पुकारलं. दोन ओळी म्हटल्या. सावकाश. दुसऱ्यांदा सुरू करणार तर सर मोठ्याने म्हणाले, झालं कळलं, ठिकाणी-गाणी, पुढे काय? पुढे काही नव्हतं. टाळ्या आल्या, लवकर संपल्याच्या.

मग सरांनी जवळ बोलावलं आणि विचारलं, या दुधाची काय भानगड आहे? सगळं सांगितलं. वीस, अठरा, उलटी बटणं, शेवटी तीन. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून काठीने फरशीवर टकटक केलं. रेघ अजून आहे. आता ती ऑइलपेंटची आहे, पुसली जात नाही. आकडे उणे दहापर्यंत.

म्हणाले, उणे वीस कुठे येईल, जा, उभा राहा. मी मोजत गेलो. उणे सात, टाकी. उणे दहा, पायरी. पुढे अंगण. उणे वीस थेट झाडाखाली, फाटकाशी. थंडगार. आता चल म्हणाले, दहा दिवसांत तू जसा चाललास तसा. मी निघालो. सतरा. पंधरा. बारा. नऊ. सहा. लोक बघत होते. सूनबाई खांबाला टेकून उभी होती. उणे चार. शून्य, वर्गाचं दार. एक, दोन, तीन.

तीनवर ऊन होतं.

सर म्हणाले, सारखा उजवीकडे चालत होतास की रे. सारखा वर. आणि वाटत काय होतं तुला, खाली चाललोय? गाढवा, कुठून कुठे गेलास ते बघायचं. किती पावलं टाकलीस ते नाही. मग कप पुढे केला. आणखी आहे का?

वा म्हणाले नाहीत. पण चौथा कप घेतला. ते मी तिसऱ्यापेक्षा मोठं धरतो. यात चूक नसावी.

२४ मार्च, मंगळवार
सूनबाई जेवायला वाढते. बोलते. मीठ कमी आहे का विचारते. बाकीचं बोलत नाही.

तिला म्हटलं, मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहितो, सगळा दोष माझा असं. छत्तीस वर्षं टपालात काढली, पत्र कसं लिहायचं ते मला ठाऊक आहे. म्हणाली, नको बाबा. मग म्हणाली, त्यात आकडे घालणार नसाल तर लिहा. पाठ फिरवून ओट्यापाशी गेली. हसली की रडली ते कळलं नाही.

पत्र लिहिलं. पाच ओळी. दोन वेळा वाचून पेटीत टाकलं.

चिमणीची परत चाचणी झाली. दहापैकी दहा. यावेळी फोन केला नव्हता. कविता मात्र वर्गात म्हणून दाखवली म्हणाली, थोडी दुरुस्त करून:
उणे सात हा बालक साधा
उणे दोन तो त्याचा दादा
मात्रा मोजल्या. सोळा, सोळा. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ७
नवीन काम मिळालं. सूनबाईने फ्रीजरवरचा कागद बदलला आहे. आता एवढंच लिहिलंय: "बाबा, फक्त वाचा." वाचून चिमणीला सांगायचं. ठीक आहे की नाही ते चिमणी ठरवणार.

सात वाजता फोन आला. वाचलं, उणे एकवीस. चिमणीने विचारलं, मग आजोबा, अठराच्या वर की खाली? वेळ घेतला. डोळ्यांसमोर व्हरांडा आणला, टाकी, पायरी, अंगण, झाड, फाटक. म्हटलं, खाली. शाब्बास म्हणाली. एका आठवड्यात घरातलं हे पहिलं शाब्बास.

मग म्हणाली, मामीने सांगितलंय, वाचून झालं की तुम्हाला तिथून लांब उभं करायचं. किती लांब, विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, सात पावलं.

मोजली. सातवं पाऊल स्वयंपाकघरात नळापाशी पडलं. तो ठिबकतो. कविता आठवावी म्हणून थोडा वेळ थांबलो.

इथून आकडा दिसत नाही.